वजन कमी करायचंय? पहिला आठवडा काहीच बदलू नका

मी पाच वर्षांत चार वेळा डाएट केलं. चारही वेळा वजन उतरलं आणि चारही वेळा परत आलं, एकदा तर तीन किलो जास्तीचं घेऊन. पाचव्यांदा मात्र तक्ता न आणता रोजच्याच जेवणातल्या सवयी एकेक करून बदलल्या. दीड वर्षात अकरा किलो कमी झालं, आणि आता तीन वर्षं ते तिथेच आहे. हा लेख त्या पाचव्या प्रयत्नातून आणि त्या काळात केलेल्या वाचनातून आला आहे. अगदी पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे, म्हणून साध्या गोष्टीही सविस्तर सांगितल्या आहेत.

सगळ्यात आधी एक प्रश्न निकालात काढू, कारण नवीन माणूस त्यातच महिनाभर अडकतो: भात-ब्रेड सोडायचा की तेल-तूप? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ६०९ जणांचे दोन गट केले होते. एका गटाने वर्षभर स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्टमय पदार्थ. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं आणि दुसऱ्याचं ६ किलो, म्हणजे फरक नगण्य. पण प्रत्येक गटाच्या आत प्रचंड तफावत होती: कुणाचं वजन वीस किलोंहून जास्त उतरलं, तर कुणाचं उलट वाढलं. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करून भाज्या वाढवायला सांगितलं होतं, हेही लक्षात घ्या. तेव्हा पद्धत कुठली निवडू याची काळजी सोडा. जी पद्धत तुम्हाला पुढची दहा वर्षं पाळता येईल, ती तुमची.

सुरुवातीआधी डॉक्टरांना कुणी भेटावं

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, अठरा वर्षांखालची मुलं, मूत्रपिंडाचा आजार असलेले, आणि पूर्वी कधी उपाशी राहण्याचा किंवा खाऊन उलटी काढण्याचा त्रास झालेले, यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी केल्यावर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. औषधाचा डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. खाण्यात काही बदल नसताना वजन भराभर वाढलं असेल तर थायरॉईडचा आजार किंवा स्टिरॉइडसारखी औषधं कारणीभूत असू शकतात. तेही तपासून घ्या.

किती कमी करायचं, हेही आधीच ठरवा. लग्नाच्या वेळचं वजन किंवा कॉलेजातली कंबर हे ध्येय ठेवू नका. सध्याच्या वजनाच्या पाच टक्के एवढंच पहिलं ध्येय पुरे. ८० किलोच्या माणसासाठी ते ४ किलो होतात. एवढ्यानेही अनेकांचा रक्तदाब आणि रक्तातली साखर सुधारते, आणि आरशात फरक दिसायच्या आधी जिना चढताना जाणवतो.

पहिला आठवडा: फक्त लिहायचं

सात दिवस नेहमीसारखं खा, पण जे तोंडात जाईल ते लिहा. वही चालेल, मोबाईल चालेल. वेळ, काय खाल्लं, साधारण किती, कुठे बसून (किंवा उभ्याने), आणि खाण्याआधी भूक किती होती. भुकेला एक ते पाच असे गुण द्या: एक म्हणजे भूक नव्हतीच, पाच म्हणजे कडकडून लागली होती. चमच्याने घेतलेली चव, मुलांच्या ताटातलं उरलेलं, ऑफिसात कुणीतरी पुढे केलेलं बिस्किट, सगळं यात यायला हवं.

हा आठवडा लोक सर्वात आधी गाळतात, आणि माझ्या मते तोच सर्वात मोलाचा आहे. "मी तर काहीच खात नाही, तरी वजन हलत नाही" असं मनापासून सांगणाऱ्या काही जणांचा १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अभ्यास झाला. त्यांनी प्रत्यक्ष खाल्लेल्या कॅलरींपैकी सरासरी ४७ टक्के त्यांच्या नोंदीत आल्याच नव्हत्या. ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपलं बरंचसं खाणं आपल्या लक्षातच राहत नाही, कारण ते जाता-येता, बोलता-बोलता, पडद्यावर नजर ठेवून होतं. माझ्या वहीत पाचव्या दिवशी दिसलं की स्वयंपाक करता करता मी रोज अर्ध्या जेवणाएवढं उभ्यानेच खात होतो. तोवर कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर नाही म्हणालो असतो.

आठव्या दिवशी वही घेऊन निवांत बसा आणि तीन ठिकाणी खुणा करा. भुकेला एक किंवा दोन गुण असताना खाल्लेलं काय होतं? रोज हमखास येणारं, पण न मिळालं तरी फारसं अडणार नाही असं काय आहे? आणि दिवसातला कुठला तास सगळ्यात बेताल आहे? बहुतेकांचा तो संध्याकाळी घरी आल्यानंतरचा किंवा रात्री जेवणानंतरचा असतो. या तीन खुणांमध्ये तुमचं पुढचं तीन महिन्यांचं काम लिहिलेलं आहे.

थोडा हिशोब

शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज गरजेपेक्षा ३०० कॅलरी कमी पोटात गेल्या तर महिन्याला ९,००० होतात, म्हणजे एक किलोहून थोडं जास्त. हा वेग ऐकायला कमी वाटतो, पण पहिल्या वर्षासाठी तो उत्तम आहे. रोज हजार कॅलरी कापणाऱ्याची भूक त्याला फार दिवस टिकू देत नाही, आणि फार झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

तीनशे कॅलरी येतात कुठून? एक ग्रॅम तेला-तुपातून ९, एक ग्रॅम प्रथिनांतून किंवा पिष्टमय पदार्थांतून ४, आणि एक ग्रॅम मद्यार्कातून ७. जेवायचा मोठा चमचा भरून तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाणे, १७० च्या आसपास. गोड शीतपेयाचा ३३० मिलीचा एक डबा १४०. दिवसातून तीन कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल तर नुसत्या साखरेच्या शंभरएक. म्हणजे एका माणसाचे तीनशे बहुधा अशाच दोन-तीन जागी सापडतात, जेवणाच्या ताटाला हात न लावता. रोज प्रत्येक घासाच्या कॅलरी मोजत बसण्याची गरज मला कधी पडली नाही. हे पाच-सहा आकडे डोक्यात असले की पुरतं.

दुसरा आणि तिसरा आठवडा: पेयं

सुरुवात पेयांपासून करायला सांगतो, कारण इथे सुटतं बरंच आणि जाणवतं कमी. पातळ स्वरूपात घेतलेल्या कॅलरींनी पोट तेवढं भरत नाही. सरबत प्यायल्यावर आपण जेवताना दोन घास कमी खात नाही.

चहा-कॉफीतली साखर एकदम बंद करू नका. दोन चमच्यांची दीड करा, आठवडा-दहा दिवसांनी एक, मग अर्धा. जिभेला नव्या गोडीची सवय व्हायला काही आठवडे लागतात. त्यानंतर जुना चहा स्वतःलाच नकोसा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांखाली आली तर अधिक चांगलं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. शीतपेयाच्या त्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते.

फळांच्या रसाबद्दल बहुतेकांची समजूत चुकीची असते. रस काढला की फळातला चोथा बराचसा मागे राहतो आणि साखर ग्लासात येते. जागतिक आरोग्य संघटनाही रसातली साखर वरून घातलेल्या साखरेतच धरते. फळ चावून खा. एक ग्लास रसासाठी तीन-चार संत्री लागतात, पण तेवढी एका बैठकीत सोलून कुणी खात नाही.

पुढचा महिनाभर: ताट

आता ताटाकडे वळू. इथे कमी खाण्याचा विचार बाजूला ठेवा आणि पोट कशाने भरतं ते बघा. १९९५ साली सिडनीत ३८ पदार्थांची याच दृष्टीने तुलना झाली. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरींचा दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारलं. सगळ्यात वर आला उकडलेला बटाटा, आणि सगळ्यात खाली लोण्याचे पदर असलेला क्रोसाँ. दोघांत सातपट फरक होता. बटाट्याने वजन वाढतं असं सरसकट म्हटलं जातं, पण त्यात खरा हात असतो तळणीच्या तेलाचा. ज्या पदार्थात पाणी, चोथा आणि प्रथिनं जास्त, तो कमी कॅलरीत पोट भरतो. ज्यात तेल, साखर आणि मैदा एकत्र आले, तो पोट भरायच्या आधी संपून जातो.

म्हणून ताट वाढताना क्रम बदला. आधी भाजी घ्या, शिजवलेली आणि कच्ची मिळून अर्ध्या ताटापर्यंत. मग पाव भाग प्रथिनांचा: डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, चिकन, दही, जे तुमच्या घरात चालतं ते. उरलेल्या पाव भागात धान्य. पहिले दोन आठवडे एवढंच करा आणि धान्य किती कमी झालं ते मोजू नका. जागा नसल्याने ते आपोआप कमी होतं.

प्रथिनांकडे खास लक्ष द्या. खाणं कमी झालं की शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरू लागतं. पुरेशी प्रथिनं आणि थोडा व्यायाम असला की स्नायूंची झीज आटोक्यात राहते. वजन उतरवताना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत. ७० किलोच्या माणसाला ती ७० ते ८४ ग्रॅम होतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजलेल्या डाळी-कडधान्यांत आठ-नऊ, शंभर ग्रॅम साध्या दह्यात साडेतीनच्या आसपास. शाकाहारी माणसाला हा आकडा एकाच जेवणात गाठता येत नाही, म्हणून सकाळच्या खाण्यातही कडधान्य किंवा दही आणावं लागतं. माझ्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक याच बदलाने पडला: सकाळी प्रथिनं पोटात गेली की अकरा वाजताची चुळबूळ थांबली.

तेलाचं एकच सांगतो. बाटलीतून थेट कढईत ओतू नका. आठवड्याचं तेल एका वेगळ्या भांड्यात काढून ठेवा आणि तेवढंच वापरा. पहिल्या आठवड्यात नेहमीएवढंच काढा, फक्त ते किती आहे हे कळण्यासाठी. नंतर दर आठवड्याला दोन-दोन चमचे कमी करत जा. घरातल्यांना चवीतला फरक क्वचितच कळतो.

आणि सावकाश जेवा. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, आपलं जेवण बऱ्याचदा दहा मिनिटांत आटोपतं. दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी दहा मिनिटं थांबा. थांबूनही भूक असेल तर खुशाल घ्या. मोबाईल बाजूला ठेवून जेवलात तर यातलं अर्धं काम आपोआप होतं.

घरात काय ठेवायचं

मनाचा निग्रह फार खर्चू नका. तो संध्याकाळपर्यंत पुरत नाही. त्याऐवजी घराची मांडणी बदला. चिवड्याचा किंवा बिस्किटांचा डबा ओट्यावर असेल तर दिवसातून दहा वेळा नजरेला पडतो, आणि दहापैकी तीनदा हात जातो. तो वरच्या फडताळात ठेवा, किंवा आणूच नका. त्याच्या जागी फळं धुऊन ठेवा.

पाकिटातल्या पदार्थांबद्दल मी इतका आग्रही का आहे, त्याला कारण आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अति-प्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं घरच्यासारखं. समोर ठेवलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, मीठ आणि चोथा दोन्हीकडे सारखा होता, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटातलं खाताना ती माणसं रोज जवळपास ५०० कॅलरी जास्त खात होती, तीही अधिक भराभर. दोन आठवड्यांत त्यांचं वजन सुमारे ०.९ किलो वाढलं, आणि साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. तीच माणसं, तीच भूक. आपल्यात संयम नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग कळायला हवा.

घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका, पण "मी डाएटवर आहे" असं म्हणू नका. त्यावर जो तो सल्ला देतो किंवा अजून एक घास वाढतो. "मला भाजी जास्त लागेल आणि गोड मीच मागून घेईन" असं नेमकं सांगितलं की वाढणाऱ्याला काय करायचं ते कळतं.

चुकलेला दिवस

समारंभ येतो, प्रवास येतो, वाईट बातमी येते आणि सगळं बिनसतं. पुढच्या दिवशी उपाशी राहून त्याची भरपाई करू नका. त्या उपासाची भूक संध्याकाळी दुपटीने अंगावर येते. पुढचं जेवण नेहमीसारखं घ्या, बस. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने त्यात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. याच कारणासाठी एका वेळी एकच सवय हाती घ्या, आणि तिला आधीच पक्क्या असलेल्या कशाला तरी बांधा: जेवायला बसलो की पहिला घास भाजीचा, भांडी आवरली की स्वयंपाकघराचा दिवा बंद.

वजनकाटा

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. रोज करत असाल तर आठवड्याची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना सरासरीशीच करा. एका दिवसात एक-दोन किलो इकडेतिकडे होणं अगदी सामान्य आहे. खारट खाल्लं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, की काटा वर जातो, आणि यातली एकही गोष्ट चरबी नाही.

उलटही खरं आहे. शरीर स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा ठेवतं आणि त्यातल्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-ब्रेड एकदम बंद केला की हा साठा आणि त्याचं पाणी निघून जातं आणि चार-पाच दिवसांत दोन किलो उतरलेले दिसतात. "सात दिवसांत चार किलो" अशा जाहिरातींमागे बहुतेक हेच पाणी असतं. महिन्यातून एकदा टेपने पोटाचा घेरही मोजा. काही महिने काटा हलत नाही पण टेप हलते.

झोप आणि चालणं

थोडक्यात सांगतो, पण दोन्ही सोडू नका. २००४ साली बारा तरुणांवर केलेल्या एका प्रयोगात, दोन रात्री फक्त चार-चार तास झोपायला मिळाल्यावर भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन २८ टक्क्यांनी वाढलं आणि तृप्तीची खबर देणारं लेप्टिन हे हार्मोन १८ टक्क्यांनी घटलं. जागरणानंतरच्या दिवशी गोड आणि तळलेलं का खावंसं वाटतं, ते यात आलं. चालण्याने वजन उतरतं, पण सावकाश: तासभर चालून मिळवलेलं दहा मिनिटांच्या खाण्यात परत येतं. उतरलेलं वजन टिकवताना मात्र चालण्याचा मोठा आधार होतो, म्हणून सवय आत्तापासूनच लावा.

वजन थांबलं तर

चार-पाच महिन्यांनी काटा थांबतो. जवळपास सगळ्यांचाच थांबतो. हलक्या झालेल्या शरीराला कॅलरी कमी लागतात आणि भूक मात्र आधीपेक्षा वाढलेली असते. त्यात नकळत तेलाचा चमचा पुन्हा मोठा होतो आणि उभ्याने खाणं परत सुरू होतं. अशा वेळी ताबडतोब आणखी कापाकापी करू नका. तीन-चार आठवडे सरासरी खरंच स्थिर आहे ना ते बघा, आणि मग पहिल्या आठवड्यासारखी वही पुन्हा सात दिवस लिहा. माझं वजन दोनदा थांबलं, आणि दोन्ही वेळा उत्तर वहीत सापडलं: एकदा मुठीने घेतलेले दाणे, एकदा रात्रीचा दुधाचा मोठा झालेला पेला.

हवं तिथे वजन आल्यावरही वजन करणं सोडू नका. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली जाते ज्यांनी किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तरी टिकवले. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. मी स्वतःसाठी दोन किलोंची मर्यादा ठरवली आहे. आठवड्याची सरासरी त्याहून वर गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या कपापासून वही सुरू.